‘३० सेकंदांत डॅशबोर्ड’वाल्या पोस्टशी मी भांडलो, त्याची केस स्टडी

"एसक्यूएल संपलं." पहिली ओळ एवढीच. मग एक रिकामी ओळ. मग "आणि ९० टक्के लोकांना अजून पत्ताच नाही." परत रिकामी ओळ, खाली बोट दाखवणारा इमोजी, आणि "आणखी पाहा". सोबत व्हिडिओ, त्यात फाइल ओढून टाकली की ३० सेकंदांत रंगीबेरंगी डॅशबोर्ड तयार, मागे तेच ते म्युझिक जे हल्ली सगळ्यांच्याच मागे असतं. शेवटी "कमेंटमध्ये ‘डेटा’ लिहा, लिंक डीएम करतो."

मंगळवारची रात्र, साडेअकरा वाजून गेलेले. मी दिवसभर एका जॉइनमध्ये (दोन टेबलं एकमेकांना जोडणं) डुप्लिकेट ओळी कुठून येतायत ते शोधून पार वैतागलेलो, आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, जिच्यावर आपलं पंधरा वर्षं पोट चाललंय, ती संपली असं कोणीतरी नाचत सांगतंय म्हटल्यावर डोकं फिरलं. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढे जे झालं त्यात समोरच्यापेक्षा माझ्या त्या रात्रीच्या मूडचाच वाटा मोठा आहे. टीममधल्या दोघांतिघांनी "नक्की काय झालं होतं" असं विचारलं म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. टूलचं नाव देत नाही, पोस्टवाल्याचंही नाही.

मंगळवार रात्र

आधी मी रिप्लाय केला. "डेमोतली फाइल वीसेक ओळींची आहे आणि त्यात एकही सेल रिकामा नाही, खऱ्या डेटावर चालवून दाखवा." ठीक होता रिप्लाय, इथेच झोपलो असतो तर बरं झालं असतं. दोन मिनिटांत त्याचं उत्तर, एकदम गोड: "छान मुद्दा! जरा सविस्तर सांगाल का, बाकीच्यांनाही उपयोग होईल." आता डेटावाल्या माणसाला सविस्तर सांगाल का असं विचारल्यावर त्याला राहवतंय होय? मी सांगितलं सविस्तर. रिकामे सेल, डुप्लिकेट, टाइमझोन, सगळं. त्याने त्यातलंच एक धरून परत विचारलं. मी परत सांगितलं. असं अकरा वेळा झालं, नंतर मोजलं.

मला वाटत होतं मी त्याला उघडा पाडतोय. तो काय करत होता हे कळायला एक जुनी गोष्ट आठवायला हवी होती, जी मला माहीत होती आणि त्या रात्री नेमकी डोक्यात आली नाही. २०२३ च्या मार्चअखेर ट्विटरने फीड कशी लावतात त्याचा बराचसा कोड उघडा केला, आणि थोड्याच दिवसांत रँकिंगचे आकडेही टाकले. पद्धत साधी: तुम्ही एखादी पोस्ट लाइक कराल याची शक्यता किती, रिप्लाय कराल याची किती, हे मॉडेल आधी ताडतं आणि प्रत्येक शक्यतेला एका ठरलेल्या आकड्याने गुणून बेरीज मारतं. लाइकला ०.५. रीट्वीटला १. रिप्लायला १३.५. आणि तुमच्या रिप्लायला मूळ पोस्टवाल्याने दाद दिली तर ७५, म्हणजे लाइकच्या दीडशेपट. आकडे तेव्हाचे, कधीही बदलू शकतात असं तिथेच लिहिलेलं. मी भांडत होतो तो प्लॅटफॉर्म वेगळा, पण ते "जरा सविस्तर सांगाल का" परत वाचलं की कळतं, गडी गणित पाठ करून बसलेला होता. आणि त्या सूत्रात रिप्लाय कौतुकाचा आहे की शिव्यांचा यासाठी खणच नाहीये.

फेसबुकचंही असंच. २०१७ मध्ये त्यांनी इमोजीवाल्या रिअॅक्शनला लाइकच्या पाचपट वजन दिलं, त्यात रागावलेला चेहराही आला. तो चेहरा ज्यावर जास्त पडतो त्या पोस्टमध्ये खोटंनाटं आणि विषारी जास्त असतं हे त्यांच्याच लोकांना दिसलं, वजन टप्प्याटप्प्याने उतरवत २०२० च्या सप्टेंबरात शून्यावर आणलं. हे बाहेर आलं २०२१ मध्ये, आतले कागद फुटल्यावर.

बरं, ट्विटरच्या त्याच यादीत ‘हे कमी दाखवा’, म्यूट, ब्लॉक यांना मिळून उणे ७४ होते. उणे! एक बटण, एक सेकंद. मी ते दाबलं नाही कारण ते दाबल्याचं कोणाला दिसत नाही आणि त्यावर टाळ्या पडत नाहीत, दुसरं काही कारण नव्हतं.

बारा वाजून गेल्यावर मी घोडचूक केली. पोस्ट कोट करून, वर टूलच्या नावासकट स्क्रीनशॉट चिकटवून लिहिलं: "अजून एक रॅपर. तुमची फाइल उचलून चॅटबॉटला पाठवतात आणि त्याला प्रॉडक्ट म्हणतात. लांब रहा." रॅपर म्हणजे दुसऱ्याच्या एआय मॉडेलवर स्वतःची स्क्रीन चढवून विकलेलं टूल, आमच्यात ही शिवीच. तीन वाक्यं. टूल मी चालवून बघितलं नव्हतं. वेबसाइटसुद्धा उघडली नव्हती.

बुधवार

नुसती दिवाळी. लेफ्ट जॉइन करून मग उजव्या टेबलाच्या कॉलमवर व्हेअरमध्ये अट घातली की तो गुपचूप इनर जॉइन होतो, यावर मी दोन शनिवार-रविवार घालून लिहिलं होतं, उदाहरणं देऊन, आकृत्या काढून. नऊ लाइक, त्यातला एक बायकोचा. आणि ही रात्री बारानंतर रागात खरडलेली तीन वाक्यं, त्याला सकाळपासून नोटिफिकेशन थांबेना. "कोणीतरी बोललं एकदाचं", "बरोब्बर", "सगळे चोर आहेत". खोटं कशाला बोलू, मजा आली. दुपारी मीटिंगमध्येही टेबलाखाली फोन बघत होतो.

गुरुवार

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी आहे, हुशार, सहा महिनेच झालेत. सपोर्ट तिकिटांचा सहामाही रिपोर्ट तिच्याकडे होता, एक जानेवारी ते तीस जून. तिने स्क्रीन शेअर केली. सुंदर बार ग्राफ, रंग जुळवलेले, वर नीट मथळा. आमच्या बॉस मॅडम खूश. "किती वेळ लागला?" "अर्धा तास, मॅडम."

मी खालची रेघ बघत होतो. बारा बार होते.

"डिसेंबर कुठून आला?"

शांतता. मग ती म्हणाली, मागच्या वर्षीचा असेल. म्हटलं फाइल एक जानेवारीपासून आहे, मागचं वर्ष त्यात नाहीच. आणि बाराही बार जवळजवळ एका उंचीचे, जसं काही लोक महिन्याचा कोटा ठरवून तक्रारी करतायत.

मग तिथेच सगळ्यांसमोर उलगडत गेलो. आमच्या फाइलमध्ये आधी दिवस मग महिना. टूलने आधी महिना मग दिवस असं वाचलं. ११/०५ म्हणजे आमची ११ मे, ती झाली ५ नोव्हेंबर. १३ तारखेपासून पुढचं काय? तेरावा महिना नसतो, म्हणून त्या ओळी वगळल्या. तळाला फिकट करड्या अक्षरांत लिहिलंही होतं "काही ओळी वगळल्या", ते कोण वाचतंय. म्हणजे दर महिन्याचे पहिले बारा दिवस उरले, सहा महिन्यांचे ७२, एकूण १८१ पैकी, आणि ते ७२ दिवस बारा महिन्यांत सारखे वाटले गेले, प्रत्येक महिन्याच्या वाट्याला १ ते ६ तारीख. म्हणून ग्राफ असा सपाट, समाधानी. एप्रिलमध्ये १८ ते २० आमचं लॉगिन बंद पडलेलं, तिकिटांचा पाऊस पडला होता, सगळ्यांना आठवत होतं. ग्राफमध्ये त्याचा मागमूस नाही. गाळलेल्या ओळींत तो गेला.

(तारखांनी भल्याभल्यांना घोळात घेतलंय. एक्सेल काही जीन्सची, म्हणजे जनुकांची, नावं तारखा समजून बदलून टाकायचं, ‘मार्च-वन’, ‘सेप्ट-टू’ अशी नावं होती त्यांची. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली. आणि टूलला हसायला मी कोण, आम्ही डेटासाठी वापरतो ती पायथनची लायब्ररी पांडास, जुनी, २.० च्या आधीची म्हणजे २०२३ पूर्वीची, त्याहून बेरकी होती, ०५/११ दिसलं की महिना आधी धरायची आणि १३/०५ दिसलं की दिवस आधी, एकाच कॉलममध्ये! माझ्या स्वतःच्या एका स्क्रिप्टमध्ये हे दोन वर्षं सुखाने नांदत होतं.)

मीटिंग संपल्यावर तिला बाजूला विचारलं, हे टूल तुला कुठे सापडलं गं?

"दादा, तुमच्याच पोस्टवरून."

"अगं मी शिव्या घातल्यात त्यात!"

"हो, ते नंतर वाचलं. आधी व्हिडिओ दिसला ना. आणि तुम्ही शेअर केलंय म्हटल्यावर काहीतरी असेल असं वाटलं."

या उत्तराने मी जेवढा गार झालो तेवढा त्या अकरा रिप्लायांत कोणी केला नव्हता. मी तिकडे अनोळखी माणसाशी रात्री बारापर्यंत झगडत होतो आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरची पोरगी माझ्या शिफारशीवरून फाइल चढवत होती. वर ती म्हणाली, "नाव आणि फोनचे कॉलम मी आधीच काढून टाकले होते हां, तुम्ही लिहिलं होतं ना फाइल चॅटबॉटला पाठवतात म्हणून." म्हणजे माझ्या पोस्टचा एक खरा उपयोग झाला. आणि तो ज्या वाक्यामुळे झाला ते वाक्य चूक होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या अर्ध्या तासाबद्दल. दुरुस्ती, परत तपासणी, मॅडमना नवीन रिपोर्ट, सगळं धरून तो दीड दिवस झाला. पण तिला विचाराल तर ती मनापासून सांगेल की वेळ वाचला, आणि ती खोटं बोलत नाहीये. २०२५ मध्ये मीटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआय टूल वापरून, काही न वापरता. टूलमुळे २० टक्के वेळ वाचला असं काम संपल्यावर त्यांना वाटत होतं. घड्याळाप्रमाणे १९ टक्के जास्त लागला होता. माणसं थोडी, टूल तेव्हाची, कोड त्यांच्या ओळखीचा, त्यामुळे हा आकडा जिथे तिथे चिकटवू नये. पण वाटणं आणि घड्याळ यांत एवढी फारकत पडू शकते हे बघितल्यापासून "माझे आठवड्याला दहा तास वाचले" असं कोणी लिहिलं की मी तो आकडा भावना म्हणून वाचतो.

शुक्रवार

सकाळी डीएम. टूल बनवणाऱ्यांपैकी एकाचा. मला वाटलं आता वकिलाची भाषा येणार. तीनच वाक्यं होती, थकलेली. ती पोस्ट आमची नाही. आम्ही दोघंच आहोत आणि कालपासून लोक शिव्या देतायत. रॅपरबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते बरोबर नाही, हे पान बघाल का.

बघितलं. आणि मग जे पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं ते चौथ्या दिवशी केलं, टूल उघडलं. फाइल ब्राउझरमध्येच राहते. मॉडेलकडे जातात फक्त कॉलमची नावं आणि नमुन्याच्या पाच ओळी, त्यासुद्धा बंद करता येतात. मॉडेल त्यावरून क्वेरी, म्हणजे डेटाला विचारायचा प्रश्न, लिहून देतं आणि ती तिथेच ब्राउझरमध्ये चालते. मी ब्राउझरची नेटवर्क टॅब उघडून बघितलं, बाहेर खरंच तेवढंच जात होतं. बाजूला एक बटण, ‘क्वेरी दाखवा’. दाबलं. आत एसक्यूएल! "एसक्यूएल संपलं" म्हणून ज्याची जाहिरात झाली त्याच्या पोटात तीच १९७४ मध्ये आयबीएमच्या दोघांनी सीक्वेल नावाने मांडलेली भाषा, सिलेक्ट-फ्रॉम-ग्रुप बाय. त्यांच्या स्वतःच्या साइटवर कुठेही काही संपल्याचं लिहिलेलं नव्हतं.

तारखेचा पर्याय होता. सेटिंगच्या आत, घडी घातलेला, सुरुवातीला महिना आधी. बदलला, तीच फाइल परत टाकली. सहा बार आले, एप्रिल डोंगरासारखा वर, बेरीज आमच्या डेटाबेसशी ओळीला ओळ जुळली. टूल बरं होतं. हे लिहिताना आजही जीवावर येतं.

मग ती मूळ पोस्ट कोणाची? त्या पोस्टवाल्याने डीएम केलेली लिंक टीममधल्या त्या मुलीकडे होती, लिंकच्या शेपटीला त्याचा रेफरल कोड आणि यूटीएमची, म्हणजे क्लिक कुठून आला ते सांगणाऱ्या खुणांची, लांबलचक माळ. (यूटीएममधला यू म्हणजे अर्चिन, त्या नावाची कंपनी गूगलने २००५ मध्ये घेतली आणि तिची ही शेपटी जगभरच्या लिंकांना लागली. लिंक उघडण्याआधी शेपूट वाचायची सवय लावून घ्या, बरंच कळतं.) तो अफिलिएट होता, प्रत्येक साइनअपमागे कमिशन. पंधरा दिवस मागे स्क्रोल केलं तर त्याच चालीत अजून तीन गोष्टी संपलेल्या. कमिशन मिळतं हे त्याने लिहिलं होतं, नाही असं नाही, पण "आणखी पाहा"च्या आड, हॅशटॅगच्या गर्दीत, अगदी तळाला. अमेरिकेतली ग्राहक संरक्षण बघणारी एफटीसी नेमकं हेच करू नका म्हणून इन्फ्लुएन्सरना सांगते, की खुलासा ‘आणखी’च्या मागे किंवा हॅशटॅगमध्ये दडवायचा नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. शिव्या त्या दोघांना पडल्या, कारण स्क्रीनशॉटमध्ये नाव त्यांचं होतं. कमिशनवाल्याचे फॉलोअर वाढले. आणि माझे पण.

हे शेवटचं मला जास्त बोचलं. माझी पोस्ट आणि त्याची पोस्ट शेजारी ठेवून बघितल्या. दोघांचं पहिलं वाक्य तुटक आणि ठाम. दोघांनी टूल खऱ्या डेटावर चालवलेलं नाही. दोघांनी असा दावा केलाय जो तपासायला वाचणाऱ्याला अर्धा तास लागेल आणि तो कोणी तपासणार नाही. त्याला मिळालं कमिशन, मला मिळाल्या टाळ्या, एवढाच फरक. ऑक्सफर्डवाल्यांनी २०२५ चा शब्द म्हणून ‘रेज बेट’ निवडला, म्हणजे लोकांनी चिडावं म्हणूनच टाकलेलं आमिष. मी आमिष तर गिळलंच, वर त्याच चिडीचं दुसरं आमिष करून पुढे टाकलं. निकृष्ट कंटेंटविरुद्ध लिहिलेलं निकृष्ट कंटेंट. त्याला वेगळा शब्द अजून कोणी काढलेला दिसत नाही.

कोट केलेली पोस्ट काढून टाकली आणि दुरुस्ती लिहिली, काय चुकलं, काय तपासलं, तारखेचा खरा प्रॉब्लेम कुठे आहे, नीट. तिची रीच तुम्ही ओळखली असेलच. एकाने खाली विचारलं, "पैसे किती मिळाले?" त्याला उत्तर द्यायला हात शिवशिवले होते. दिलं नाही.

त्या दोघांना मात्र एक दहा ओळींची फाइल बनवून पाठवली, फक्त तारखा, पाच अशा की ज्या दोन्हीकडून वाचता येतात आणि पाच अशा की नाही. सोबत चार ओळींचं पत्र. आठवड्याभरात त्यांनी बदल केला, तारीख दोन्हीकडून वाचता येत असेल तर आता टूल थांबून विचारतं, आणि वगळलेल्या ओळींचा आकडा वर लाल रंगात येतो.

त्यानंतर

फार काही बदललं नाही. अशा पोस्ट येतातच, रोज काहीतरी संपतं. मी ‘कमी दाखवा’ दाबतो आणि पुढे जातो. अनोळखी माणसाला उत्तर देत नाही. ओळखीच्या कोणी विचारलं, "हे कसं आहे?", तर त्याला मात्र वेळ काढून सांगतो, कारण तो खरंच काहीतरी ठरवणार असतो. परवा एका मित्राने अशीच पोस्ट पाठवली, त्याला फोन करून वीस मिनिटं बोललो, त्याचा डेटा कुठे आहे, कोण बघणार आहे, वगैरे. तो शेवटी ते टूल घेणार आहे. घेऊ दे, त्याच्या कामाला बसतंय.

एक फाइल मात्र बनवली, नाव ठेवलं ‘कचरा’. चाळीस ओळी. दोन्ही तऱ्हेच्या तारखा, सुरुवातीला शून्य असलेले आयडी, अवतरणाच्या आत स्वल्पविराम, एकच नाव दोनदा पण एकाच्या शेवटी स्पेस, तीन पूर्ण रिकाम्या ओळी, आणि एक मराठी ओळ जिच्या एन्कोडिंगचा आधीच बोऱ्या वाजलाय. कोणाला नवीन टूल दाखवायचं असेल तर आधी कचरा टाकायचा, मग बोलायचं. मुलीने त्यात स्वतःहून दोन ओळी घातल्या, एक उणे रकमेची आणि एक ३१ जूनची. मला ३१ जून सुचलाच नव्हता.

गेल्या सोमवारी तिचा मेसेज. "दादा, नवीन आलंय, ‘स्प्रेडशीट संपली’वालं."

"कचरा टाकलास?"

"टाकला. ४२ पैकी ३९ आल्या, त्या रिकाम्या तीन गेल्या त्या ठीकच. आयडीतली शून्यं खाल्ली. पण ३१ जून पकडला आणि विचारलं की ही तारीख कोणती. पोस्टची लिंक पाठवू?"

म्हटलं पोस्टची नको, टूलची पाठव. शेपूट काढून.